सुताराचं न्हाणीघर

सुताराच्या घरात प्लास्टिकचं छत लावलं तर लोक तोंडात शेण घालतील, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. आणि त्यांनीच हौसेने ठोकलेल्या न्हाणीघराच्या लाकडी छताची एक फळी फुगून सासूबाईंपासून वीतभर अंतरावर पडली, त्याचं काय? तेव्हापासून त्यांनी शॉवर सोडला. रोज पंधरा मिनिटं दुखऱ्या गुडघ्यांवर गरम पाणी, एवढंच त्यांचं सुख. आता कोपऱ्यात बसून चार तांबे ओतून घ्यायच्या आणि कण्हत उठायच्या. मला बघवेना.

"या वेळी सागवान लावतो. वर पॉलिशचे तीन हात," नवरा म्हणाले.

"मग परीक्षाच घेऊ," मी म्हटलं.

शॉवरच्या वर तीन तुकडे टांगले: ओल सोसणारा जिप्सम बोर्ड, पीव्हीसीची पट्टी आणि यांचं लाडकं सागवान. महिनाभर आम्ही दोघांनी त्यांच्याखाली कढत पाण्याने अंघोळी केल्या.

बोर्ड तसा धड राहिला, पण कापलेल्या कडेला रंगाला फोड आले. पीव्हीसी होती तशीच. आणि सागवान नुसतं चमकत होतं! नवऱ्याची छाती फुगली. मी हिरमुसले, खोटं कशाला बोलू?

"चमकेल नाही तर काय!" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या अंघोळी उरकल्या की हा ते काढतो, टॉवेलने पुसतो आणि तासभर पंख्यासमोर ठेवतो. रोज बघतेय मी."

नवऱ्याचे कान लाल झाले. "अगं आई, ओलं ठेवलं तर लाकूड खराब नाही का होणार?"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. मी हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मुकाट्याने पीव्हीसी आणली. लावली मात्र अशी की सांध्यात केस शिरणार नाही. वाफ ओढायला पंखाही बसवला. सासूबाई पहिल्यांदा शॉवरखाली गेल्या तेव्हा हे दाराबाहेर येरझारा घालत होते.

"आई, वर बघ ना, कसं झालंय?"

"वर कशाला बघू?" आतून आवाज आला. "ते लाकडाचं होतं तेव्हा सहा वर्षं वर बघतच अंघोळ केली रे मी. आज डोळे मिटलेत."

नवरा येरझारा थांबवून खाली बसले. आत पाणी चांगलं अर्धा तास चालू होतं.