यादीत नसलेला पत्ता

दुपारी तीनला माझ्या साहेब, पद्मजा मॅडम, यांचा फोन आला तेव्हा मी वाकडला घरी, बनियनवर बसलो होतो. "सर्व्हर रूममध्येच आहे, मॅडम," मी ठोकून दिलं. त्या चाकणच्या प्लांटमध्येच होत्या, पण दुसऱ्या शेडमध्ये, पाहुण्यांना उत्पादनाची लाइन दाखवत. राउटरचं, म्हणजे प्लांटचं सगळं नेटवर्क चालवणाऱ्या पेटीचं, काम जागेवर जाऊनच करायचं हा त्यांचा नियम. त्यांना गाडी आणि ड्रायव्हर आहे. चाकण चौकात धूर खातो तो मी.

काम दहा मिनिटांचं, घरूनही होणारं. कुठल्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क-पत्त्यांवरून राउटरमध्ये लॉगिन करता येईल याची यादी टाकायची. यादीत नाही त्याला दार बंद. काही चुकलंच तर सुटका म्हणून राउटरला आधीच सांगून ठेवलं, दहा मिनिटांनी स्वतःहून रीस्टार्ट हो. सगळं जमलं की तो रीस्टार्ट रद्द करायचा आणि यादी सेव्ह करायची.

यादी टाकली. खात्री करायला लॉगआउट केलं, पुन्हा लॉगिन केलं. नकार. परत केलं. नकार. मग डोक्यात प्रकाश पडला. यादीत मी घरचा नाही, प्लांटमधल्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला होता! थाप इतकी अंगवळणी पडली होती की तिथेही मी चाकणलाच बसलो होतो. गाढव कुठला.

सहा मिनिटं उरली होती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. रीस्टार्ट झाला की सेव्ह न केलेली यादी पुसली जाणार, माझी चूकही. नेटवर्क नाही म्हणून लाइन पाच मिनिटं थांबणार आणि सगळे म्हणणार, यूपीएस गेला.

तो यूपीएस, वीज गेली तर बॅटरीवर सगळं चालू ठेवणारा, सोपानराव सांभाळतात. ठेकेदाराकडचे इलेक्ट्रिशियन, जालन्याहून आलेले, दोन मुली कॉलेजात. गेल्या महिन्यात लाइन दोनदा थांबली तेव्हा मॅडम माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या होत्या, "तिसऱ्यांदा झालं तर गेटबाहेर."

चार मिनिटं. मी नोकरीत कायम व्हायला आठवडा राहिला होता. खरं सांगायची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

तीन मिनिटं असताना फोन लावला. "मॅडम, मी घरी आहे. खोटं बोललो." पुढचं एका दमात सांगितलं. राउटरला वायरीने जोडलेला लॅपटॉप सर्व्हर रूममध्ये होता, त्याचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे. फोनमधून धावणारी पावलं ऐकू आली, मग दार, मग धापा.

"सांग."

रीस्टार्ट रद्द करायची कमांड मी अक्षर अक्षर सांगितली. कीबोर्ड वाजला.

"रद्द झालं म्हणतोय." वीस सेकंद शिल्लक होते. "तू उद्या एचआरला भेट."

फोन ठेवायचं त्यांना सुचलं नसावं. पलीकडे शेजारच्या यूपीएसच्या खोलीतून कुणीतरी घाईने आलं. सोपानराव होते.

"मॅडम, काय झालं? यूपीएस चालूच हाय हो. सकाळपासून मी इथून हललोबी नाही."