ओळीनंतरचा थांबा

मित्रांनो, ज्या वर्षी मला लिहिणाऱ्या बाईंची लेक पाऊल टाकायला लागली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मी एक जुना संगणकाचा प्रोग्राम आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे, हे माझे काम.

थोरल्या भावाची, दादांची, दृष्टी आजारपणात गेली म्हणून बाईंनी मला लिहिले. दादा भाषांतरकार. मी एक ओळ वाचायची, त्यांनी ती आपल्या भाषेत टाइप करायची, मग पुढची. तेव्हाचे संगणक मंद होते. प्रत्येक ओळीनंतर मला दम खावा लागे.

बाईंनी मला कुलपात ठेवले नाही. कोणीही मला फुकट न्यावे, उघडून पाहावे, बिघाड दिसला तर दुरुस्त करावा. मी वाचनालयांत, कचेऱ्यांत पोचलो. कौतुक झाले. मग गोड आवाजाचे नवे प्रोग्राम आले आणि माझ्या वाट्याला नुसत्या तक्रारी उरल्या. डागडुजीला दोघेच राहिले: बाई आणि परगावचा एक मदतनीस. माझी दुखणी काढतो म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणत.

बाईंचे हृदय थकले. त्यांनी जाहीर केले, की आता एकच आवृत्ती निघेल, पुढे दुरुस्ती नाही. यापुढे जे मोडेल ते मोडलेलेच राहणार होते.

डॉक्टर फोनवर म्हणाला, "बाई, ओळ संपली की हा उगाच रेंगाळतो. तेवढं काढून टाकू?"

"काढ बाबा. किती वर्षं ऐकतेय ती तक्रार."

थांबा गेला. बाईंनी मला चाचणीसाठी दादांच्या जेवणाच्या टेबलावर आणले. मी धडाधड वाचत सुटलो. दादांची बोटे अधांतरी राहिली. मला ते दिसत होते, पण थांबता येईना.

"दादा, कुठे अडलास?"

"कुठे नाही गं. हा जरा घाईत आहे, एवढंच."

"मग बोलायचं ना."

"तुझी शेवटची आवृत्ती. तिच्यात माझी कटकट कशाला?"

"तुझ्या कटकटीसाठीच तर याला लिहिलं."

बाईंनी लगेच फोन लावला. "डॉक्टर, थांबा परत घाल."

"बाई, लोक शिव्या देतील."

"मला द्या म्हणावं. मी कुठे आता उत्तर द्यायला बसणार आहे?"

परत घालताना भलतेच काही बिघडले तर? त्या धास्तीने बाई दादांशेजारी बसून मला पुन्हा पुन्हा वाचायला लावत. मध्येच छातीवर हात ठेवत. अखेर आवृत्ती निघाली. तक्रारी आल्याच.

मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूमागेही कोणीतरी बसलेले असते. तक्रार जरूर लिहा, पण त्या माणसाची तब्येतही विचारा. बाईंना तसे कोणी विचारले नाही.

इंटरनेटवरच्या माझ्या पानावरची शेवटची सूचना दादांनी स्वतः टाइप केली आणि मला वाचायला लावली. मी वाचली, आणि नेहमीसारखा थांबलो. सूचना एका ओळीची होती: हा प्रोग्राम लिहिणारी माझी धाकटी बहीण मार्च महिन्यात वारली.