चातुर्मासातली घोडी

राजधानी झाल्यावर रायपुरात दोन गोष्टी वाढल्या: साहेब आणि वराती. साहेबांना बंगले मिळाले. वरातीच्या घोड्यांचं मात्र आषाढी एकादशीपर्यंतच भागायचं. देव झोपले, मुहूर्त संपले, की काही मालक त्यांना मोकळं सोडून देत. चार महिने रस्त्यानं पोसावं, असा सरळ हिशेब.

तशीच एक पांढरी घोडी श्रावणात शंकर नगरात प्रमोदिनीबाईंच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मागच्या पायाला जखम, जखमेत अळ्या. गल्लीत हळहळ भरपूर जमा झाली. ती खर्च करायला कोणी पुढं आलं नाही.

सिंचन खात्यातून निवृत्त झालेल्या प्रमोदिनीबाईंनी घोडी अंगणात बांधली आणि फोन घेऊन बसल्या.

"गाय है क्या?" गोशाळेतून विचारणा झाली.

"घोडी है."

"गाय होती तो गाडी भेज देते, दीदी." आवाजाला खरंच वाईट वाटत होतं, जनावर निवडताना बाईंनी जरा लक्ष द्यायला हवं होतं, असं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, आधी मालक शोधा.

बाईंचे यजमान नीलकंठराव पेपरातून म्हणाले, "काहून इतकी धावून राहिली? उद्या फाटकाशी हत्ती येऊन उभा राहीन."

"हत्तीले वनखातं आहे. हिले कोण आहे?"

शेवटी नागपूरची एक संस्था सापडली. पलीकडची बाई मराठीत बोलली, तिथंच प्रमोदिनीबाईंना निम्मं काम झाल्यासारखं वाटलं. एका रविवारी संस्थेचा तरुण डॉक्टर आला. त्यानं अळ्या काढल्या, इंजेक्शन दिलं, पट्टी कशी बांधायची ते दाखवलं.

"आत्ता आमच्याकडं जागा नाही. दिवाळीनंतर होईल. तोवर रोज ड्रेसिंग करा, मग नेऊ आम्ही."

'नेऊ आम्ही' एवढंच बाईंनी धरून ठेवलं. त्या भरवशावर त्यांनी हळद-मलमात हात बुडवले, लाथा चुकवल्या. घोडीनं शेजारच्या मीनलचं मेंदीचं कुंपण खाल्लं, तशी मीनलनं आपली हळहळ परत घेतली. दसऱ्यापर्यंत जखम सुकली. दिवाळीत बरगड्या दिसेनाशा झाल्या आणि गल्ली तिला 'आपली घोडी' म्हणायला लागली.

"जागा झाली का हो?" बाई नागपूरला विचारत.

"होईल, ताई. चौकशी करत राहा."

तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच सकाळी लहानू दारात. बुढापारा वस्तीतल्या बँडवाल्यांना घोड्या पुरवणारा.

"काकू, तुम्ही तं माही घोडी नवरीसारखी करून टाकली!"

"तुझी कशावरून?"

लहानूनं शीळ घातली. घोडीचे कान उभे राहिले, ती त्याच्याकडं ओढ घ्यायला लागली. याहून मोठा पुरावा कोणता आणणार?

"इतके दिवस कुठं होतास रे? पाय सडला होता तिचा."

"धंदा बंद, काकू. मी काय खाऊ अन् तिले काय खिलवू?"

हे खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच राग आला. त्या आत जाऊन नागपूरला फोन लावत बसल्या. दारी आलेला माणूस म्हणून नीलकंठरावांनी लहानूला चहा दिला.

"जखम कशी आहे आता?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"भरली."

"नीट चालते?"

"पळते सुद्धा."

"मग ताई, मालक समोर आहे, जनावर ठणठणीत आहे. कोणत्या कारणानं आणायची तिला? जखम असती, तर काही तरी करता आलं असतं."

"म्हणजे मी बरी केली, हे चुकलं?"

"तसं नाही हो. त्याच्याकडून लिहून घ्या, उपाशी ठेवणार नाही म्हणून."

"लिहून तो काय, वाट्टेल ते देईल."

बाई बाहेर आल्या. लहानू खुंट्याशी वाकला होता. गाठ त्याला सुटत नव्हती; ती घट्ट बसली होती. तो मागं सरकला आणि त्यानं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. घोडीही पाहत होती. जखम होती तोवर रोज याच वेळी बाई पट्टी बदलायच्या. बाईंनी खाली बसून नखानं गाठ सैल केली आणि दोर त्याच्या हातात दिला.

"काळजी नका करू, काकू," लहानू हळूच म्हणाला. "पुढच्या आषाढात हिले इथंच आणून सोडतो. तुमच्याजवळ बरी राहते."

प्रमोदिनीबाईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "पाय सडायच्या आधी आण."