धोंड्याच्या महिन्यातली अढी

आखाड संपला त्याच दिवशी, ऐन अमावास्येला, मधुवंती बॅग घेऊन एकटीच शाहूपुरीत माहेरी उतरली आणि श्यामलाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चुकचुकणारच की! मे महिन्यात लग्न झालेली पोर. पहिल्या आखाडाला नवी नवरी माहेरी आणायची, महिनाभर सासूचं तोंड बघू द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून तर त्यांनी जूनमध्येच पुण्याला फोन केला होता. तेव्हा मधूच्या सासूनं, विशालाक्षीबाईंनी, मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं होतं की आत्ता नको, मग पाठवते. माणसं कोइमतूरची, मुलाच्या नोकरीसाठी पुण्यात आलेली. असेल त्यांच्यात काही वेगळं, म्हणून श्यामलाबाई गप्प बसल्या. आणि आता आखाड सरल्यावर, आवसेला, सून घराबाहेर?

किती दिवस राहणार विचारलं, तर महिनाभर म्हणाली. का, ते सांगेना. लाजली आणि आत गेली.

खालच्या मजल्यावरच्या तानाबाईंनी मात्र जिन्यातच तोंड सोडलं. "आखाड झाल्यावर कुनी सून धाडतंय व्हय? कायतरी बिनसलंय बगा." तानाबाईंचं बोलणं श्यामलाबाई एरवी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत. या वेळी ते आत जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी अधिक श्रावण लागला, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, ताटात दिवा लावून अनारसे द्यायचे, पोटभर जेवू घालायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी धोंडा आला म्हणून श्यामलाबाई महिन्याभरापासून हवेत होत्या. त्यांनी जावयाला, सेंथिलला, फोन लावला आणि धोंडा द्यायचाय, नक्की या, असं सांगितलं. तो चाचरत म्हणाला, "आई, नाही येऊ शकत. आडी आहे."

श्यामलाबाईंनी फोन आपटला. मनात अढी आहे असं तोंडावर सांगतो मेला, असं म्हणत त्या नवऱ्याच्या, अण्णांच्या, अंगावर धावून गेल्या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाला निघालेल्या अण्णांनी चप्पल घालता घालता शंका काढली की त्याला मराठी चार शब्द येतात, त्यात अढी कुठून आली? "शिकवलं असेल आईनं," श्यामलाबाई म्हणाल्या. "त्याला ढ म्हणता येत नाही, एवढंच." अण्णांनी दुकान गाठलं.

मग त्यांनी लेकीला खोदून खोदून विचारलं. शेवटी मधुवंती मान खाली घालून बोलली. म्हणे यांचा आषाढ आत्ता लागलाय, यात नव्या जोडप्यानं वेगळं राहायचं, म्हणजे पुढं ऐन उन्हाळ्यात बाळंतपण येत नाही. श्यामलाबाईंनी तिला हाताला धरून भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभं केलं. "हे बघ. आषाढ संपला. चंद्र आकाशात एकच आहे ना गं? मग आषाढ माणसागणिक वेगळा कसा? तुला गोड बोलून कटवलंय, कळत कसं नाही?"

मधुवंतीला तरी कुठं ठाऊक होतं? सासूनं सांगितलं, तिनं ऐकलं. त्या दिवसापासून रोज सेंथिलचा फोन वाजायचा आणि पोर तो न उचलता नुसती त्याच्याकडं बघत बसायची. जेवण तुटलं, डोळे सुजले. श्यामलाबाई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायच्या, बरं झालं लवकर कळलं. मनातून त्या हादरल्या होत्या. लेकीचा संसार चार महिनेही टिकत नाही, आणि विचारायचं कुणाला?

एका शुक्रवारी सकाळी विशालाक्षीबाईच दारात उभ्या. हातात अंबाबाईचा प्रसाद आणि हिरव्या बांगड्या. पाणीसुद्धा घेईनात. "मधू फोन घेत नाही," त्या म्हणाल्या. "काय चुकलं आमचं?"

अढी तुमच्या मुलाच्या मनात, त्यानंच सांगितलं, असं श्यामलाबाईंनी तडकाफडकी सुनावलं. विहीणबाईंना शब्द समजेना. चारदा विचारून झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मनात नाही हो. महिना. आडी. आमचा आषाढ. तुम्ही चंद्र बघता, आम्ही सूर्य. चंद्राचं वर्ष आखूड, म्हणून तुम्ही मध्येच एक महिना जास्तीचा घालता. सूर्याला नाही लागत." आणि अमावास्या त्यांच्यात चांगली, शुभ दिवस म्हणूनच त्या दिवशी पाठवली होती.

श्यामलाबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. विहीणबाई जरा जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? धोंडा म्हणजे दगड ना? ऑफिसात त्याला सांगितलं. सासू दगड का देणार, म्हणून घाबरला तो."

हसावं की रडावं तेच कळेना. तो कुठं आहे विचारलं, तर खाली गाडीत. आडीत सासुरवाडीचा उंबरा कसा ओलांडणार?

श्यामलाबाईंनी ताटात दिवा ठेवला, अनारसे ठेवले आणि पदर खोचून जिना उतरल्या. तानाबाई बघत होत्या, बघेनात का. काच खाली झाली. जावयाची दाढी वाढलेली होती. त्यांनी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, अनारसा हातात दिला. तो त्यानं बोटांनी दाबून बघितला, पण खाल्ला नाही.

"आई," तो म्हणाला, "मधू फोन का नाही घेत?"

तिला बरं नव्हतं, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"माझ्यामुळं," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्यानं मान वर करून गॅलरीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. मधुवंती कठड्याला धरून उभी होती. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती.