तव्यावरचा थेंब

नशिराबादच्या रस्त्यावर रतिलालशेठची तेलाची मिल होती. तिथल्या साबणाच्या कढईवर हिलालनाना बावीस वर्षं उभे होते. उभेच हो! साबण जिभेच्या टोकाला लावून कॉस्टिक सोडा कमी की जास्त हे सांगणारा दुसरा माणूस आख्ख्या जळगावात नव्हता, पण शेठनी त्यांना कधी 'बसा' म्हटलं नाही. आणि हा पितांबर! धुळ्याच्या कॉलेजातून एम.एस्सी. होऊन ब्याण्णव साली आला, तर पहिल्याच दिवशी त्याला खुर्ची, टेबल, वर कपबशीतला चहा. नानांना आपला फुटक्या दांडीचा मग.

पितांबरचं काम असं, की करंजाच्या तेलात मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक घालायचं, घुसळायचं, ठेवून द्यायचं. वर तरंगेल ते डिझेलऐवजी इंजिनात जाळायचं, तळाला बसेल ते ग्लिसरीन.

"शेठ, वरच्या तेलावर आपलं इंजिन चालेल," तो म्हणाला, "पण खरी किंमत तळाच्याला. औषधवाले दारात येऊन नेतील."

शेठ हरखले. रविवारी पाहुण्यांसमोर चाचणी झाली, की साबणाची कढई उचलायची आणि तिथे ग्लिसरीनची टाकी बसवायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. कालचं पोर, आणि माझी कढई उचलतं?

घरी बायकोजवळ, बेबाबाईंजवळ, गरळ ओकायला गेले, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोऱ्या हुशार शे हो. नाव काढीन." घ्या! घरातही त्याचीच आरती. नाना अर्ध्या जेवणावरून उठले.

आता गोम अशी, की तेलात जराही पाणी राहिलं तर त्याचा साबण होतो. हे पितांबरला पुस्तकानं सांगितलं होतं, नानांना कढईनं. म्हणून तेल तापवून सुकवायचं काम नानांकडे आलं. तापल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा. चटचटला तर ओलं, मुकाट पसरला तर कोरडं. शनिवारी नानांनी थेंब टाकला. चट्! दुसरा टाकला. चट् चट्! पितांबर शेजारीच उकिडवा बसून वहीत लिहीत होता.

"कोरडं शे भो," नाना म्हणाले. "उतरव."

रविवारी धुळ्याच्या पाहुण्यांसमोर पितांबरनं रात्री घुसळून ठेवलेलं पिंप उघडलं. ना वर काही, ना तळाला काही. आत नुसता पिवळट, बुळबुळीत गोळा.

"अरे, हा तर साबण!" शेठ कडाडले. "हा तर नाना रोज करतात. मग तुला पगार कशाचा देऊ?"

नानांना काय गार वाटलं म्हणता! पितांबर मान खाली घालून म्हणाला, "तेल नानांनी तपासलं होतं, त्यात खोट नसणार. माझंच वजन चुकलं असेल." शेठनी त्याला तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. मग नानांकडे वळून म्हणाले, "नाना, उभे का? बसा ना." नाना त्याच खुर्चीत बसले, आणि कपबशीतून चहा आला.

दुपारी नाना कढईचं तेल तापवत होते, तेव्हा पितांबर पिशवी घेऊन आला.

"नाना, जाता जाता एक शिकवा. कोरड्या तेलाचा आवाज ओळखायचा कसा?"

नाना फुशारले. मागायला आला अखेर! त्यांनी तव्यावर थेंब टाकला. चट् चट्!

"हे ओलं. आता थांब जरासा."

तेल आणखी तापू दिलं, पुन्हा थेंब टाकला. तो गुपचूप पसरला.

"हे कोरडं."

पितांबर तव्याकडे बघत राहिला.

"पण नाना, शनिवारी तर पहिल्यासारखाच आवाज आला होता. शेवटपर्यंत. मी ऐकला. मला वाटलं, बावीस वर्षांचा कान आहे, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय."

नानांनी मान वळवून पाहिलं. शेठ दहा पावलांवर केबिनमध्ये बसले होते. नानांनी तिथे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. पितांबर वाट बघत होता.

"नीघ," नाना म्हणाले. "धुळ्याची एसटी चुकेल तुझी."