आधी पायवाले

परीक्षा दहा मिनिटांची, त्यातली चार उशांनी खाल्ली. चाचणीसाठी गोदामात दुसरा मालच मोकळा नव्हता, म्हणून पोरीच्या फोर्कलिफ्टवर उशांचे गठ्ठे चढवले होते. समोरचं काही दिसेना, तेव्हा नियमाप्रमाणे मान मागे वळवून ती यंत्र उलटं चालवत होती. पास झाली तर बाबांचं यंत्र तिचं. नापास झाली तर सोमवारी बाहेरचा ड्रायव्हर.

रॅकच्या कोपऱ्यावर, पायी जाणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याआधी ती थांबली. दोनदा हॉर्न दिला. कडेला चहाची किटली घेतलेल्या मावशी, स्टोअरकीपर आणि पॅकिंगवाली उभी. कोणी हलेना.

तिने हाताने खूण केली. मावशींनी उलट खूण केली: तू बोल.

ही बाबांची शिस्त. "हॉर्न म्हणजे मी आलोय. तुम्ही मला दिसलात, हे हॉर्नला काय ठाऊक?" ते थांबायचे, एकेकाच्या डोळ्यांत बघायचे, मग म्हणायचे, "आधी पायवाले." ते ऐकल्याशिवाय पट्ट्यावर पाय टाकायचा नाही. घरी न्हाणीघराच्या दारातही ते हेच म्हणत. ते जाऊन तीन महिने झाले. बाकीचे ड्रायव्हर अजून म्हणत. तिच्याच तोंडून ते निघत नव्हतं.

"अगं, चहा निवतोय," मावशी म्हणाल्या.

"तुझे बाबा असते तर एव्हाना मी घरी जाऊन जेवलो असतो," स्टोअरकीपर म्हणाला.

"मावशी, जा ना."

"मेले तरी नाही जाणार."

"गेलात तर मराल, मावशी. ते वेगळं," पॅकिंगवाली म्हणाली, आणि तिघं खुसखुसू लागली. किटलीचं झाकणही खडखडू लागलं. पोरीला हसू फुटलं, आवरेना, आणि त्या हसण्याच्या धक्क्यासरशी, अगदी बाबांच्या ठेक्यात, ते बाहेर पडलं.

"आधी पायवाले."

तिघं राजासारखी चालत गेली. मागे कुठेतरी दडलेला मॅनेजरही त्यांच्यामागून निमूट गेला.

"अकरा मिनिटं," पट्ट्याच्या कडेला आलेला परीक्षक म्हणाला. "चला पुढे."

ती हलली नाही. "साहेब, तुमचा एक पाय पट्ट्यावर आहे."

"मग?"

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "आधी पायवाले."

परीक्षक पट्टा ओलांडून गेला. गाडी जागेवर लागल्यावर 'पास' लिहायला त्याने कागद उशीवर टेकवला, तर पेन कागद फाडून आत गेलं.

"बारा," तो पेन उपसत म्हणाला. "एक मिनिट माझ्या पायाचं."