कोंड्याच्या बरणीची सवत

मित्रांनो, जपानमधल्या कोकुरा शहरातल्या एका स्वयंपाकघरात, ओट्याखाली मी बसलेली असते. तपकिरी रंगाची, काठाचा टवका उडालेली एक जुनी बरणी. दिसायला मी काही देखणी नाही. पण माझ्या पोटात तांदळाचा ओलसर, खारट, आंबूस कोंडा आहे आणि तो माझ्याहूनही म्हातारा आहे. माझ्या मालकीण सुमिए आजी; त्यांच्या आईने लग्नात लेकीबरोबर तो पाठवला आणि त्याच्यासाठी मला विकत घेतलं.

काकडी, वांगी, मुळा माझ्यात पुरून ठेवतात, मुरले की काढून, धुऊन भाताबरोबर खातात. बांगडा शिजवतानाही माझा मूठभर कोंडा पडतो. मात्र आमचा एक हट्ट असतो. रोज कुणीतरी हात घालून कोंडा तळापासून वर ढवळावा लागतो. उन्हाळ्यात थोडे दिवस जरी हात लागला नाही, तरी आम्ही सडतो. ढवळणाऱ्याच्या हाताची चव कोंड्यात उतरते, म्हणून शेजारणीच्या बरणीतली काकडी आमच्या काकडीसारखी कधीच लागत नाही.

आजींना मुलगा झाला, तो मोठा होऊन परगावी गेला, मग नवरा वारला. आजींचा हात रोज माझ्यात आला. नवरा वारला त्या दिवशीही आला. त्या रडत होत्या आणि ढवळत होत्या. असं सुख फार थोड्या बरण्यांच्या वाट्याला येतं आणि मला ते कुणाशीही वाटून घ्यायचं नव्हतं.

मग मुलाची बदली झाली. बायको रित्सुको आणि आठ वर्षांची लेक चिनात्सु यांना घेऊन तो आईकडे राहायला आला. चिनात्सु! नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आजी मला ढवळायच्या, पण कान सगळा तिच्याकडे. तिच्या वेण्या घालायच्या, पाठीवर दप्तर चढवायचं, हात धरून चौकापर्यंत सोडायला जायचं. माझ्या वाट्याला दोन घाईचे फेरे.

एके दिवशी पोरीने दारातच हात सोडवून घेतला.

"आजी, तुझ्या हाताला वास येतो. मी नाही धरणार."

"अगं बाई! नाक कसलं मुरडतेस? तुझा बाप याच वासावर वाढलाय."

"बाबांना चालत असेल. माझ्या मैत्रिणी हसतील ना!"

दुसऱ्या दिवशी आजींनी प्लास्टिकचा हातमोजा चढवून मला ढवळलं.

मित्रांनो, तुमच्या आईने हातमोजा घालून तुमच्या केसांतून हात फिरवला, तर तुम्हाला कसं वाटेल? मी जळून खाक झाले. आतल्या आत आंबटले, वर पांढरी बुरशी धरली.

"रुसलीये बघ ही," आजी म्हणाल्या.

"बरणी कुठे रुसते का!" चिनात्सु खिदळली. ही पोर आली तशी परत जावी, असं मला मनापासून वाटलं.

ऐन ऑगस्टात, इथल्या भर उन्हाळ्यात, आजी ओट्यापाशी कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली. सगळे इस्पितळात धावले आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही. उकाडा असा, की लवकरच माझ्यातून दर्प सुटला. रित्सुकोने झाकण उघडलं आणि नाक दाबलं.

"हे गेलं कामातून. टाकूनच देते."

"टाकू नकोस, आई! आजीला काय सांगशील?"

"मग तू घालतेस हात? परवापर्यंत तर वासाने पळत होतीस."

चिनात्सुने बाही वर सरकवली, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि उघडा हात कोपरापर्यंत माझ्यात खुपसला. लहानसा, गरम, परका हात. सडून जावं, पण हिच्या हाताने जगू नये, असं मला वाटलं. पण कोंड्याला माझा मत्सर कळत नाही. तळाला हवा लागली आणि तो सावरला. मग ती रोज येऊ लागली. "ए म्हातारे, सडू नकोस हं," मला दटावायची, "आजी यायचीये अजून."

शरदात झाडांची पानं लाल होऊ लागली तेव्हा आजी चाकांच्या खुर्चीतून घरी आल्या. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. रित्सुकोने माझ्यातल्या वांग्याची फोड भरवली. आजींनी ती सावकाश चावली.

"ही... माझी चव नाही," त्या जड जिभेने म्हणाल्या.

मला कोण आनंद झाला! पोरगी रडवेली झाली. तेवढ्यात आजींनी डावा हात पुढे केला.

"तुझी आहे. दे अजून."

माझा आनंद तिथेच मावळला.

दुसऱ्या सकाळी चिनात्सुने मला ओढत खुर्चीपाशी आणलं. आजींचा लुळा हात मनगटाशी धरला. "चल आजी, पुरे झाला आळस," म्हणत तो माझ्यात घातला आणि त्यावर स्वतःचा. आजींच्या बोटांत जोर नव्हता. पोरीचा हात त्या हाताला फिरवत होता, तळापासून वर. आजी हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ज्या हातासाठी मी झुरत होते, तो अखेर मला मिळाला. आणून दिला तो माझ्या सवतीने.

मत्सर गेला का? नाही. ती आजींच्या गालाला गाल लावते, तेव्हा अजूनही माझं पित्त खवळतं. पण आजींचा हात दिवसेंदिवस झिजून हलका होतोय, हे तिला आणि मला, आम्हा दोघींनाच ठाऊक आहे. तेवढ्यापुरतं आमचं भांडण नसतं.

मित्रांनो, तुमच्या घरातला एखादा हात थकला असेल, तर तो मांडीवर पडून राहू देऊ नका. त्याचं मनगट धरा आणि त्याला त्याच्या कामापाशी न्या. कुणीतरी त्या हाताची वाट पाहत असतं.